अठरा नंबर
बंद दाराआडची दुखणी : लेखांक अकरावा

संध्याकाळची ओपीडी संपत आली की काही माणसं आपला नंबर मागे मागे ढकलत सगळ्यांत शेवटी आत येतात. बीपी तपासून घेतात, शुगरची चिठ्ठी घेतात, उठतात, आणि दाराच्या कडीला हात लावल्यावर वळून म्हणतात, "साहेब, अजून एक विचारायचं होतं." सिल्लोडला बसून इतक्या वर्षांत एवढं शिकलो, की खरं दुखणं त्या कडीपाशी बाहेर पडतं. म्हणून मी त्यांना पुन्हा बसवतो आणि आधी दार लावून घेतो.

मागच्या महिन्यात असेच एक गृहस्थ बसले होते. पन्नाशी ओलांडलेले, मका आणि मिरचीची शेती, शुगर चौदा वर्षांची. गोळ्या करून झाल्या, इंजेक्शन करून झालं, व्हॅक्यूमची नळीही वापरून पाहिली. शेवटी संभाजीनगरच्या युरॉलॉजिस्टनी इम्प्लांटचा विषय काढला होता. ऑपरेशनची भीती त्यांना फारशी नव्हती. त्यांचा प्रश्न एकच होता, आणि तोही मान खाली घालून विचारलेला : "टाकायचंच आहे तर मोठ्या मापाचं टाकता येईल का? वरचे पैसे लागले तर देऊ."

मागच्या दोन लेखांकांत इम्प्लांट म्हणजे काय ते आपण पाहिलं. या आठवड्यात फक्त या गृहस्थांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. तो प्रश्न चुकीचा नाही. आयुष्यभर भिंतीवरच्या जाहिरातींनी पुरुषाला जे शिकवलं, त्यातूनच तो आलेला आहे. पण उत्तर नीट कळलं नाही, तर ऑपरेशन उत्तम होऊनही माणूस दुःखी राहतो. अशी माणसं मी पाहिली आहेत.

आधी जागा समजून घेऊ. लिंगाच्या आत शेजारी शेजारी दोन लांबट कप्पे असतात. त्यांत रक्त भरलं की ताठरता येते. या कप्प्यांवर एक चिवट, पांढरट आवरण असतं, ट्युनिका अल्ब्युजिनिया नावाचं. कप्पे आपल्याला दिसतात तिथे सुरू होत नाहीत. ते आत, बैठकीच्या हाडाच्या कमानीला घट्ट चिकटून सुरू होतात, तिथून पुढे येतात आणि शिश्नमुंडाच्या खाली संपतात. म्हणजे प्रत्येक कप्प्याचा बराच मोठा भाग शरीराच्या आत दडलेला असतो. इम्प्लांटच्या दोन सळ्या किंवा पंपाने फुगवायचे दोन फुगे या कप्प्यांत पूर्ण लांबीने बसवावे लागतात, मागच्या हाडापासून पुढच्या टोकापर्यंत.

इथेच पहिला गैरसमज होतो. खोक्यावर 'अठरा' असं छापलेलं असतं. ऐकणाऱ्याला वाटतं, बाहेर अठरा सेंटिमीटर मिळणार. त्यातले सात-आठ सेंटिमीटर आतच, कधीही न दिसणाऱ्या जागेत बसलेले असतात. एकाला अठरा बसलं आणि दुसऱ्याला सोळा, म्हणून पहिल्याचं बाहेरून मोठं दिसेल असंही नाही. पहिल्याचा आतला भाग लांब असू शकतो. ओळखीतल्या कुणाच्या ऑपरेशनचा आकडा ऐकून स्वतःच्या आकड्याशी तुलना करणारा माणूस विनाकारण झोप घालवतो.

माप ठरतं ते ऑपरेशनच्या टेबलावर. हा भाग जरा सावकाश सांगतो, कारण पेशंटला तो कुणी सांगत नाही. सर्जन बहुतेक वेळा लिंग आणि अंडकोशाची पिशवी जिथे मिळतात तिथे छोटा छेद घेतात. दोन्ही कप्प्यांच्या आवरणाला एक एक चीर देतात आणि चिरेच्या कडांना धागे घालून ठेवतात. आतली जागा गुळगुळीत, गोल टोकाच्या धातूच्या सळ्यांनी हळूहळू मोकळी केली जाते, आधी बारीक सळी, मग तिच्यापेक्षा जाड. त्यानंतर सेंटिमीटरच्या खुणा असलेलं मोजायचं उपकरण चिरेतून पुढे सरकवतात. शिश्नमुंडाखाली टोक लागलं की धाग्यापाशी आकडा वाचतात. समजा, अकरा. मग तेच मागे सरकवतात. हाडाला टेकलं की पुन्हा वाचतात. समजा, आठ. बेरीज एकोणीस. तेच दुसऱ्या बाजूला. दोन्ही बेरजा जुळायला हव्यात. एका सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर सर्जन थांबतात, कारण उपकरण आवरण फोडून बाहेर गेलं असेल किंवा मधला पडदा ओलांडून दुसऱ्या कप्प्यात शिरलं असेल.

आता एकोणीस आले. पंपाच्या एका प्रचलित कंपनीचे फुगे बारा, पंधरा, अठरा, एकवीस अशा ठरीव लांबीत येतात. मग अठराचा फुगा घ्यायचा आणि त्याच्या मागच्या टोकाला एक सेंटिमीटरची टोपी बसवायची, झाले एकोणीस. सळ्यांच्या काही प्रकारांत मागचं टोक कापूनच लांबी जुळवतात. एकवीसचा फुगा कपाटात असतोच. पण एकोणीसच्या जागेत एकवीस घालण्याला मोठं माप म्हणत नाहीत, चूक म्हणतात.

आपल्या भागात बोअर घेतलेल्या माणसाला हे लगेच समजतं. त्या गृहस्थांनाही मी तसंच विचारलं : दोरीला दगड बांधून खोली मोजलीत, दोनशे फूट लागली, आणि पाईप सव्वादोनशे फुटांचा आणलात, तर वरचे पंचवीस फूट कुठे ठेवाल? ते म्हणाले, "वर राहील नाहीतर वाकंल." शरीरात 'वर राहण्याची' सोय नसते.

जास्त लांबीचा फुगा आत इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. फुगवला की लिंग वाकडं होतं, दुखतं, आणि महिने उलटले तरी दुखणं जात नाही. त्याहून वाईट म्हणजे टोक शिश्नमुंडाखाली सतत दाबत राहतं. दाबाखालची त्वचा पातळ होते, आणि एक दिवस टोक लघवीच्या मार्गातून किंवा कातडीतून बाहेर येतं. तसं झालं की इम्प्लांट काढावंच लागतं. जंतुसंसर्ग झाला असेल तर सगळे भाग निघतात, आणि रिकाम्या कप्प्यात व्रण धरतो. पुढच्या वेळी तीच जागा आखडलेली आणि टणक मिळते. म्हणजे दोन सेंटिमीटर जास्तीचे मिळवायला गेलेला माणूस आधीपेक्षा कमीवर येतो.

शुगरच्या पेशंटला यात आणखी एक धोका आहे, आणि माझ्याकडे येणारे बहुतेक शुगरचेच असतात. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने जशी पायाची जाणीव कमी होते, तशी इथलीही होते. चपलेतला खडा ज्याला टोचत नाही, त्याला टोकाचा दाबही दुखत नाही. दुखणं ही शरीराची हाकाटी असते, आणि ती हाक त्याला येतच नाही. मणक्याला इजा झालेल्या पेशंटमध्ये टोक बाहेर येण्याचं प्रमाण जास्त दिसतं, त्यालाही हेच कारण. शिवाय सळ्यांचं इम्प्लांट दिवसरात्र तितकंच ताठ असतं. फुगा रिकामा केला की त्वचेला विसावा मिळतो, सळीत तो मिळत नाही. म्हणून सळ्या घालताना अनेक सर्जन मोजलेल्या आकड्यापेक्षा अर्धा-एक सेंटिमीटर कमीच घेतात. पेशंटला ती कंजुषी वाटते. त्या अर्ध्या सेंटिमीटरवर पुढच्या दहा वर्षांची स्वस्थता टिकून असते.

कमी माप घेतलं तरीही त्रास आहेच. इम्प्लांटचं टोक शिश्नमुंडाखाली पुरेसं पोचलं नाही, तर मुंडाला आधार राहत नाही आणि ते खाली किंवा बाजूला लोंबतं. जुन्या कॉन्कॉर्ड विमानाचं नाक उतरताना खाली झुकायचं, तसं ते दिसतं, म्हणून डॉक्टर या दोषाला त्या विमानाचंच नाव देतात. संबंधाच्या वेळी टोक दुमडतं, दोघांनाही दुखतं. कधी टाके घालून मुंड वर बांधता येतं, कधी लांब फुगा बदलून घालावा लागतो. माप बरोबर असूनही काहींचं मुंड थोडं सैल राहतं, हेही सांगायला हवं. इम्प्लांट मुंडात जात नाही, ते फुगणं फक्त रक्ताचं काम आहे.

जाडीबद्दल लोक कमी विचारतात, खरं तर आत शिरताना घडी पडते की नाही, ते बरंचसं जाडीवर ठरतं. बारीक सळी रुंद कप्प्यात हलते, दाब आला की वाकते. जाड सळी अरुंद कप्प्यात कोंबली तर आवरणाचे टाके ताणाखाली बसतात. पंपाचा फुगा इथे सोयीचा. एका नेहमीच्या प्रकारात तो रिकामा असताना १२ मिलिमीटर आणि भरल्यावर १८ मिलिमीटर होतो. ज्यांचे कप्पे व्रणाने आखडलेले आहेत त्यांच्यासाठी साडेनऊ मिलिमीटरचा अरुंद फुगाही मिळतो.

इम्प्लांटची कल्पना नवी नाही. १९३६ मध्ये रशियन सर्जन बोगोराझ यांनी बरगडीची कूर्चा वापरून पाहिली होती. शरीराने ती हळूहळू विरघळवली. फुगवता येणारं इम्प्लांट १९७३ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या ब्रँटली स्कॉट यांनी मांडलं, आणि सिलिकॉनच्या सळ्यांची जोडीही त्याच दशकात आली. या सगळ्या वस्तू बाहेरच्या. त्यातलं पंपाचं नुसतं उपकरणच आपल्याकडे काही लाखांना पडतं. बागायत असली तरी एका हंगामात एवढा पैसा बाजूला काढणं सोपं नाही.

म्हणून मुंबईच्या डॉ. रूपिन शहा यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. लीलावती रुग्णालयातल्या या अँड्रॉलॉजिस्टनी, म्हणजे पुरुषांच्या लैंगिक आरोग्याच्या तज्ज्ञांनी, सिलिकॉनच्या सळ्यांचं देशी इम्प्लांट तयार केलं. 'शहा इम्प्लांट' म्हणून ते ओळखलं जातं. त्याची किंमत परदेशी पंपाच्या मानाने फारच कमी. त्यातली मला आवडणारी गोष्ट नेमकी मापाची आहे. सळीवर काढता येण्याजोगी आवरणं असतात. सर्जनने कप्पा मोजला, जागा रुंद निघाली तर आवरणं ठेवायची, अरुंद निघाली तर सोलून काढायची. एकाच सळीतून वेगवेगळी जाडी मिळते. जिल्ह्याच्या रुग्णालयात दहा मापांचा साठा ठेवणं परवडत नाही, आणि साठा नसला की आहे तेच बसवण्याचा मोह होतो. तो मोह या साध्या युक्तीने टळतो. ही सळी खाली वळवून कपड्यांत सामावता येते. पंपाइतकी नैसर्गिक दिसत नाही, पैलवानी लांग किंवा घट्ट पॅन्ट घालणाऱ्याला ती जाणवते. पण काम होतं. बंगळुरूच्या डॉ. प्रमोद कृष्णप्पा आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये शहा इम्प्लांटचे परिणाम आणि पेशंटचं समाधान यांवर शोधनिबंधही प्रसिद्ध केला आहे.

आता समाधानाकडे येऊ. पंपाच्या इम्प्लांटवरच्या बहुतेक अभ्यासांत दहांतले आठ-नऊ पुरुष समाधानी निघतात. ताठरतेच्या उपचारांत एवढं समाधान दुसऱ्या कशातही दिसत नाही. आणि तरीही जे नाराज असतात, त्यांची सर्वांत नेहमीची तक्रार एकच : "लांबी कमी झाली."

२००७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन मुलहॉल आणि सहकाऱ्यांनी ही तक्रार तपासली. ऑपरेशनआधी ५६ पुरुषांची ताणलेली लांबी मोजून ठेवली, ऑपरेशननंतर पुन्हा मोजली. ७२ टक्के पुरुष म्हणाले, कमी झाली. पट्टीवर मात्र म्हणावा असा फरक नव्हता. हा अभ्यास वाचताना मला हसू आलं नाही, वाईट वाटलं. ती माणसं खोटं बोलत नव्हती. ते ज्या लांबीशी तुलना करत होते ती ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची नव्हतीच, ती पंचविशीतली होती. मधल्या वर्षांतल्या आजारांनी, ताठरतेविना गेलेल्या रात्रींनी, कप्प्यांतल्या मऊ पेशींची जागा हळूहळू व्रणाने घेतली. रक्त न आलेला कप्पा पाणी न आलेल्या पाटासारखा आकसतो. लांबी आधीच गेली होती. इम्प्लांट बसल्यावर ती पहिल्यांदा डोळ्यांसमोर आली, आणि आळ इम्प्लांटवर आला.

थोडा खरा फरकही असतो, तो लपवू नये. निसर्गतः येणाऱ्या ताठरतेत मुंडासकट सगळा भाग फुगतो आणि पुढे सरकतो. इम्प्लांट फक्त कप्पे ताठ करतं. औषधाने आणलेल्या ताठरतेशी इम्प्लांटनंतरची लांबी ताडून पाहिली, तेव्हा ती पाऊण सेंटिमीटरच्या आसपास कमी भरली. आणि एकदा इम्प्लांट बसलं की आधीची उरलीसुरली नैसर्गिक ताठरता परत मिळत नाही. ऑपरेशनआधी हे ऐकलेलं असेल तर पचतं, नंतर ऐकलं तर फसवल्यासारखं वाटतं.

म्हणून मी माझ्या पेशंटला सांगतो, ऑपरेशनआधी डॉक्टरांकडून ताणलेली लांबी मोजून घ्या. शिश्नमुंड हलकेच धरून पुढे ओढतात, पट्टी जांघेच्या वरच्या हाडाला चरबी दाबून टेकवतात आणि मुंडाच्या टोकापर्यंत वाचतात. इम्प्लांटनंतर साधारण तेवढंच मिळणार असतं. तो आकडा फाईलवर लिहून घ्या आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. शक्य असेल तर बायकोलाही दाखवा. लाजेचं काही नाही, हिशोब दोघांचा आहे.

जास्तीची लांबी मिळवायची असेल तर ती इम्प्लांटच्या खोक्यात शोधू नये. पोट सुटलेल्या माणसाचं लिंग जांघेवरच्या चरबीत बुडालेलं असतं. पंधरा किलो वजन उतरलं तर दिसणारा भाग वाढतो, आणि शुगर आटोक्यात आल्याने जंतुसंसर्गाचा धोकाही घटतो. काहींच्या अंडकोशाची कातडी लिंगाच्या खालच्या बाजूवर जाळ्यासारखी चढलेली असते. ती सर्जनला त्याच वेळी मोकळी करता येते, लांबी न वाढताही जास्त दिसते. ऑपरेशनआधी काही आठवडे व्हॅक्यूमची नळी वापरून आखडलेले कप्पे थोडे सैल करता येतात. पंपाचं इम्प्लांट असेल तर जखम भरल्यावर काही महिने रोज फुगवून थोडा वेळ ठेवायला सांगतात, त्यानेही पेशी ताणून घेतात.

आणि कप्पे आखडू नयेत म्हणून एका बाबतीत उशीर करू नये. लिंगाची ताठरता चार तासांहून जास्त टिकली आणि दुखू लागली, तर ती इमर्जन्सी आहे. रात्री दोन वाजता असली तरी उठून दवाखान्यात जायचं. थांबत राहिलेल्या माणसाचे कप्पे व्रणाने इतके टणक होऊ शकतात, की पुढे तिथे साडेनऊचा फुगा घालतानाही सर्जनला घाम फुटतो. एक इम्प्लांट काढल्यावर पुन्हा दुसरं बसवायचं असेल तेव्हाही तसंच होतं. अशा पेशंटना पहिल्यांदा मिळालं असतं तेवढं माप नंतर मिळत नाही.

हे सगळं लोकांना आधी का कळत नाही? सिल्लोडहून संभाजीनगरला जाताना खिडकीतून बाहेर पाहा. भिंतींवर चुन्याने, रंगाने रंगवलेल्या 'मर्दानी ताकद' आणि 'लिंग वाढवा'च्या जाहिराती दिसतात. हे कायद्याने चालत नाही. १९५४ च्या जादुई औषधांविषयीच्या कायद्यात नपुंसकतेवरच्या औषधांच्या जाहिरातींना बंदी आहे. औषधांच्या नियमांतल्या 'अनुसूची जे'मध्ये लैंगिक अवयवाचा आकार आणि ठेवण सुधारण्याचा दावा तर नाव घेऊन नाकारलेला आहे. त्या भिंती पाहत वाढलेला माणूस म्हणूनच पन्नाशीत माझ्यासमोर बसून मोठं माप मागतो. खरी मापं काय असतात? २०१५ मध्ये लंडनचे संशोधक डेव्हिड वील यांनी १५ हजारांहून जास्त पुरुषांची मापं एकत्र केली. ताठ अवस्थेची सरासरी सव्वातेरा सेंटिमीटरच्याही थोडी आत, १३.१२ निघाली. पुष्कळांना स्वतःचं माप अपुरं वाटतं, आणि ते याच सरासरीच्या आसपास असतात.

हे प्रश्न आजचे नाहीत. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं, तेव्हा वाचकांच्या अशाच प्रश्नांना ते छापून उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. खटला ते हरले, तरी १९५३ मध्ये जाईपर्यंत मासिक त्यांनी चालूच ठेवलं. कर्व्यांना विचारणारे पुष्कळजण तेव्हा नाव सांगत नसतील, आजही माझ्याकडे येणारे सांगत नाहीत. मी त्यांना नावं विचारतही नाही. पण आज त्यांना उत्तर मिळायलाच हवं.

ते गृहस्थ परवा पुन्हा आले. या वेळी नंबर मागे ढकलला नाही, आणि बरोबर त्यांच्या मंडळी होत्या. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी मोजलेला आकडा फाईलवर लिहिलेला होता : ११.५. त्याखाली ठरलेलं, देशी सळ्या, तीन महिन्यांची शुगर आधी सातच्या आत आणायची, मग तारीख. बाई मला म्हणाल्या, "डॉक्टर, आमचं म्हणणं असं की यांनी जरा बोलावं आमच्याशी. मागची सहा वर्षं हे पाठ करून झोपतात." गृहस्थ काही बोलले नाहीत. फाईल त्यांनी मांडीवरून उचलली आणि बाईंच्या पिशवीत ठेवायला दिली.

(पुढच्या आठवड्यात : इम्प्लांट आणि जंतुसंसर्ग, ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे सहा आठवडे)